हार घातलेला फोटो

वडवणी

सूनबाई येमा, जय भीम.

हे पत्र पाठवून उपेग न्हाई, तरी लिहिते. माझा संघपाल बोअरच्या गाडीवर कामाला तुमच्या सिएरा लिओनला गेलता, अन् तुझ्याशी संसार मांडून बसला. सुट्टीवर घरी आला अन् तापानं गेला. त्याचा फोन आता माझ्याकडं हाय. तुझे निरोप त्यावर रोज येतात, तुझ्या मेंडे भाषेत. माझ्या लेकीनं, सायलीनं, फोनातल्या सगळ्या भाषा धुंडाळल्या. मराठी हाय, तुझी न्हाई. इंग्रजी तुलाबी येत न्हाई, मलाबी न्हाई.

मग संघपालच्या फोटोला हार घातला अन् तोच तुला पाठवला. वाटलं, एवढं तर कुणालाबी कळंल.

तुझा आवाज आला तो हसत. मागं लेकरूबी हसत होतं. सायली म्हणली, "आय, तिला वाटलं दादाचा सत्कार झालाय."

काल तू नातीचा फोटो पाठवलास. बापासारखाच तिच्या गळ्यात फुलांचा हार.

लई गोड दिसती गं. तेवढा तिच्या गळ्यातला हार काढ, बाई.

तुझी सासू,
केशरबाई