कपाटाची दारं

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥

मु. पिंपळदरा, ता. पाथर्डी
दि. २० मे १९७३

चिरंजीव गोरक्ष यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

इकडे आई बरी आहे. गुडघे धरलेत, तोंड चालू आहे. विहिरीला तळचं गढूळ पाणी राहिलंय, ते गाळून घेतो. मी आणि साळू खडीच्या कामावर जातो. तुझं पत्र पोचलं. उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण तेव्हा लिहिलं असतं तर तुला ते पुरतं वाचवलं नसतं.

तू लिहितोस, साळूनं कडबा जाळला, असली खुळी बायको मला नांदवायची नाही, तिच्या बापाला बोलावून माहेरी धाडा. कडबा जळाला हे खरं. कसा जळाला ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

साळू खुळी नाही. काम दिसलं की धावते, दुसरं दिसलं की पहिलं राहतं. लग्नानंतर वर्षभर आईनं तिला शिव्याच घातल्या. दूध उतू, बादली विहिरीवर, भाकरीचा कोळसा. शेवटी आईच थकली. म्हणाली, "लंके, शिव्या देऊन माझंच तोंड दुखाया लागलं. पोरीचं डोकं बदलत न्हाई, तर घर बदलून बघू."

तेव्हापासून घरातली झाकणं गेली. मीठ, मिरची, डाळ सगळं भिंतीतल्या उघड्या देवळ्यांत, डोळ्यांसमोर. दूध चुलीवर चढवलं की डोक्यावरची चुंबळ मनगटात घालायची, दूध उतरवल्याशिवाय काढायची नाही. जात्यावर ती एकटी टिकत नाही, म्हणून मी शेजारी धान्य निवडत बसायचे. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. दळण व्हायचं. राखेसाठी मागच्या दाराशी फुटकी दगडी डोण ठेवली, अशी आडवी की पाय बाहेर टाकला की डोणच लागायची. शेजारची रंगुबाई गावभर सांगत सुटली की सुनेपायी सासूनं घर उलटं केलं. सांगू दे. उलटं का होईना, घर चाललं होतं.

मग तुझ्या कारखान्यातले साहेब मढीच्या यात्रेला येणार, मुक्काम आपल्याकडं करणार, म्हणून तू आधीच आलास. "हे घर आहे का बाजार?" असं आईला म्हणालास. देवळ्या बुजवून वर चुना मारलास. नगरहून टेम्पोत घालून दारांचं कपाट आणलंस. चुंबळ फडकं समजून चुलीत घातलीस आणि डोण ओढ्यात लोटून दिलीस. साळू माझ्यासमोर म्हणाली, "अवं, तेवढी डोण ऱ्हाऊ द्या, मला ती लागती." तू हसलास. राखेला काय आता राजवाडा बांधू, म्हणालास.

साहेब एक रात्र राहिले. पिठलं चांगलं झालं म्हणाले. देवळ्यांकडे काय आणि कपाटाकडे काय, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

कपाटाची दारं मात्र छान लागतात. आत गेलेली वस्तू साळूला जगातून गेल्यासारखी. दृष्टीआड सृष्टी असं आपण नुसतं म्हणतो, तिचं तसंच आहे. मी म्हणत होते की देवळ्या परत फोडू. पण पोरानं हौसेनं केलंय, असं म्हणून आई हात लावू देईना.

पुढच्याच महिन्यात साळू निखाऱ्याची राख घेऊन मागं गेली. डोण नव्हती. तेवढ्यात शेळी सुटलेली दिसली, म्हणून घमेलं कडब्याच्या गंजीला टेकवलं आणि शेळीमागं धावली. शेळी सापडली, घमेलं राहिलं. दुपारचा वारा होता. या दुष्काळात सगळा कडबा गेला आणि बैल छावणीला पाठवावे लागले. साळूचे दोन्ही हात विझवताना भाजलेत. तेच हात घेऊन ती खडी फोडते.

कडबा तिच्या हातून जळाला. डोण तुझ्या हातून गेली. पत्रात तू एकच लिहिलंस.

आणि शेवटची ओळ, दुसरं स्थळ बघून ठेवल्याची. आईला वाचून दाखवताना ती मी गाळली. साळू दारात उभी होती. "वन्सं, फुडंबी लिवलंय. वाचा." मी वाचलं.

दुसऱ्या दिवशी आईनं पहार घेतली आणि गुडघे धरत धरत सगळ्या देवळ्या फोडल्या. तुझा सासरा गाडी घेऊन आला, तूच त्याला कळवलं असणार, तर त्याला म्हणाली, "कारभारीबुवा, सून माझी हाय. न्यायची असंल तर मलाबी गाडीत घाला." तो चहा पिऊन परत गेला. आईनं स्वतःचं लुगडं फाडून नवी चुंबळ वळलीय. डोणही वर ओढून आणली.

भिंतीवर तुझा फोटो होता. साळू तो रोज पदरानं पुसायची. हे एक काम ती कधी विसरली नाही, कारण तो समोर होता. देवळ्या फुटल्या त्या संध्याकाळी तिनंच तो उतरवला, रिकाम्या कपाटात ठेवला आणि दारं लावली. मी बघत राहिले, तर म्हणाली, "दिसलं न्हाई की मला आठवत न्हाई, वन्सं. तुमाला ठावं हाय की."

तेव्हापासून तिनं तुझं नाव काढलेलं नाही.

कपाट आम्ही अंगणात काढून ठेवलंय. टेम्पो घेऊन कधीही ये आणि घेऊन जा. घरात यायची गरज नाही. फोटो आतच आहे.

साळूची नणंद,
लंका