बॉनेटवरचं कुंकू

दादा,

तुमची व्हॅन उद्या जाणार आहे. भूमच्या बाजारात स्टीलची भांडी विकणारा एक माणूस ती घेतोय. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सांगायला लागले की लांबतं, आणि तुम्हाला लांबण लावलेलं कधी आवडलं नाही. तुमच्या धाकट्या लेकानं मला नवा धंदा बसवायला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. त्याला बोल लावता येणार नाही. त्यानं अंगण दिलं, बोअरचं पाणी दिलं, आणि गुढीपाडव्यापासून आजवर एका शब्दानं विचारलं नाही. दसरा होऊन गेला, गाडी लिंबाखाली उभी आहे आणि माझा फोन वाजत नाही.

मी धाराशिवला मोटारींच्या शोरूममध्ये हिशेबाला होते, ते तुम्हाला माहीत आहे. ते शोरूम गेल्या वर्षी बंद पडलं. चाळिशी ओलांडलेल्या एम.कॉम. बाईला दुसरीकडं कुणी ठेवून घेईना. तिथं मागच्या शेडमध्ये गाड्या चकचकीत करायचं काम चालायचं. ते मी इतकी वर्षं बघत होते, आणि माणसं कमी झाल्यावर शेवटी शेवटी स्वतः करतही होते. मला ते काम आवडायचं. हिशेब जुळला तरी दिसत काही नाही. इथं हात फिरवला की दिसायचं. म्हटलं, जळकोटात हमरस्त्यावर घर आहे, तुळजापूर जवळ आहे, गावोगाव दारात नव्या गाड्या आहेत. गिऱ्हाइकानं गाडी घेऊन कुठं जायचं नाही, आपणच सगळं सामान घेऊन त्याच्या दारात जायचं. त्याला एक गाडी लागते, आणि ती आपल्याकडं होती. धाकटा तिच्यातून दुधाचे कॅन न्यायचा, तेही बंद होतं.

मागची दोन्ही सीटं काढली. खालचा पत्रा गंजला होता, तो घासून रंग दिला, वर रबर टाकलं. पाण्याची टाकी, तिच्या शेजारी प्रेशरचा पंप, पाइपाचं रीळ, बॅटरी आणि इन्व्हर्टर, धूळ ओढायचं मशीन, पॉलिशचं मशीन. फडकी तीन रंगांची, काचेचं चाकाला लागू नये म्हणून. टाकी मी पार मागं बसवली, दार उघडलं की हाताशी यावी म्हणून. भरून नळदुर्गच्या रस्त्याला नेली तर स्टेअरिंग हातात हलकं लागायला लागलं, गाडी वळेना झाली. आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. प्रवासी नेताना मागं बसलेल्या एखाद्या जाडजूड पाहुण्याला तुम्ही म्हणायचात, "मालक, तुम्ही पुढं या. तुम्ही मागं बसलाव की गाडी नाक वर करती." सगळी व्हॅन हसायची, आणि तो पाहुणाही हसत पुढं येऊन बसायचा. मी परत आले आणि टाकी पुढच्या सीटांच्या पाठीला लावून घेतली. तेव्हा मला वाटलं होतं की हे जमणार. तुम्ही शेजारी बसून सांगताय असं वाटलं होतं.

एकाच गोष्टीला मी हात लावला नाही. डॅशबोर्डवर, देवीच्या फोटोच्या खाली, तुमच्या दसऱ्यांचं कुंकू. एकावर एक बसून ते लाखेसारखं घट्ट झालंय. सगळ्यात वरचा थर माझा आहे.

तो दसरा मला रोज आठवतो. त्या वर्षी श्रावणात माझे मालक गेले होते आणि मी जळकोटला परत आले होते. स्वयंपाकघरात मी पुरण वाटत बसले आहे, तोंड भिंतीकडं करून, कारण बाहेर गाडीची पूजा चालली आहे. तुम्ही तबक घेऊन चुलीपाशी येता. "ऊठ. यंदा गाडीला कुंकू तू लाव." मोठी आत्या दारातच असते. ती म्हणते, "आरं, तिनं? येडा झालास का? वरीस तरी जाऊ दे." तुम्ही तिच्याकडं बघतसुद्धा नाही. "गाडी माजी हाय, आक्का. धंदा माजा हाय. पडली तर मी पडंन." मग मला म्हणता, "हात धुऊन ये. पुरणाचा हात नको." मी हात धुते. बॉनेटवर पाच बोटं ओढते, आत डॅशबोर्डवर एक ठिपका देते. तुम्ही मला पुढच्या सीटवर बसवून तुळजापूरला नेता आणि वाटेत चहा पाजता.

त्याच माघात तुम्ही गेलात. छातीत कळ आली, व्हॅन नीट कडेला घेतलीत, ब्रेक ओढलात, आणि गेलात. आत्या मयतीला आली तेव्हा माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "मी तवाच म्हनले हुते." ती वाईट बाई नव्हती. ती रडतच म्हणाली. मी शिकलेली आहे, कशामुळं काय होतं ते मला कळतं. तुमची बिडी मला माहीत होती, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तेही माहीत होतं. तरी ते वाक्य गेलं नाही.

आता डॉक्टरांची गाडी. तुळजापूरच्या नव्या कॉलनीतले एक डॉक्टर, पांढरी नवी गाडी. चारपाच छोटी कामं झाली होती, पण हे पहिलं पूर्ण काम. फोनवर म्हणाले, "मॅडम, एकदम शोरूमसारखी करा. एक डाग दिसता कामा नये." बॉनेटवर स्वस्तिक होतं, तेलात कालवलेल्या कुंकवाचं. उन्हानं ते रंगात उतरलं होतं. दादा, ते काढणं सोपं नसतं. आधी शांपू, मग मळ उचलणारी चिकण मातीची वडी फिरवायची, मग मशीननं हलक्या हातानं पॉलिश, रंग तापू न देता. अर्धी सकाळ त्यात गेली. शेवटी बॉनेटमध्ये समोरच्या गुलमोहोराचं पान न् पान दिसायला लागलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

डॉक्टरांच्या आई चहा घेऊन आल्या. बॉनेटपाशी थांबल्या.

"बाई, हितं माझं कुंकू हुतं."

मी म्हटलं, "आजी, डाग पडला होता. रंग खराब झाला असता."

"डाग?" त्यांनी कप बॉनेटवर ठेवला, मग उचलून माझ्या हातात दिला. "देवीच्या पायरीवर म्या माझ्या हातानं लावलं ते. कुंकू पुसत्यात व्हय कुठं? आपण होऊन जातंय ते, ऊनपावसानं." आणि मग त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं. "तुमचे मालक काय करतात?"

"नाहीत."

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आई, तू आत जा बरं. मॅडम, तुम्ही मनावर घेऊ नका, काम एक नंबर झालंय." ठरल्यापेक्षा जास्तच पैसे हातावर ठेवले त्यांनी. ओरडले असते तर बरं झालं असतं. चहा मी उभ्यानंच प्यायले, कारण नाही म्हणणं आणखी वाईट दिसलं असतं.

त्याच आठवड्यात त्यांनी गाडी मागं घेताना गेटच्या खांबाला लावली. नुसता ओरखडा. पण कॉलनी एवढीएवढीशी. ज्यांच्या तारखा ठरल्या होत्या त्यांच्याकडं एकदम पाहुणे यायला लागले. कुणी तोंडावर काही बोललं नाही. मग मी प्रत्येकाला आधीच विचारायला लागले, "कुंकू ठेवायचं की काढायचं?" तर "काढा" म्हणायला कुणाची जीभ रेटेना. "तुम्हीच बघा आता," म्हणायचे. मी बघितलं. कुंकू सोडून भोवतीनं पॉलिश केलं, तर मधोमध मळका चौकोन राहिला. गाडीचा मालक म्हणाला, "ताई, हितं मळ राहिलाय की. एवढं मशीन आणलंय, आन् मधलंच सोडलंय." त्याचंही खरं होतं.

चूक कुठं झाली, हे मी पुन्हा पुन्हा तपासलं. आधी विचारायला हवं होतं, हे उघड आहे. मी तुळजापूरच्या शेजारची, गाडीच्या धंद्यावर वाढलेली. आपल्या गाडीचं कुंकू आपण कधी पुसलं का? नाही. मग दुसऱ्याचं मी डाग म्हणून का बघितलं? शोरूमनं शिकवलं, असं म्हणता येईल. पण ते पुरत नाही.

भांडीवाला परवा गाडी बघायला आला होता. मागचं दार उघडून म्हणाला, "टाकी काढून द्या, भांडी कुठं बसायची?" पंपाला त्यानं लाथ लावून बघितली. पण पुढं बसला आणि डॅशबोर्ड बघून खूश झाला. "लई जुनी लक्ष्मी दिसती. ह्ये राहू द्या बरं, ह्ये काढू नका." धाकटा म्हणाला, "आमच्या वडलांचं आहे ते." मी म्हटलं, राहील.

आज टाकीचे बोल्ट सोडले. आता रबरावर टाकीचा चौकोन तेवढा आहे. सामान पडवीत ठेवलंय, ते कोण घेणार ठाऊक नाही. हा कागद गाडीच्या कप्प्यात ठेवावा असं मनात होतं. पण भांडीवाला उघडून वाचेल, किंवा वाचणार नाही आणि भांडं गुंडाळील. म्हणून तो माझ्याकडंच राहील.

एक सांगायचं राहिलं. पाडव्याला गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा धाकट्याच्या बायकोनं तबक आणून माझ्यापुढं धरलं. ती म्हणाली, "ताई, तुमचा धंदा, तुम्ही लावा." धाकटा नारळ घेऊन उभा होता. आत्या नव्हती, कॉलनी नव्हती, कुणी अडवणारं नव्हतं. मी म्हटलं, "तू लाव गं, माझे हात ग्रीसचे आहेत." आणि मागं सरले.

माझे हात धुतलेले होते, दादा.