फोस्काच्या नावे ठेवलेला गुरुवार

मी, आर्जिया बेनूची, वय अठ्ठ्याहत्तर, लग्न न केलेली, मूलबाळ नसलेली, मोंतेरोवो गावच्या वरच्या आळीत राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावे. मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. मला दबावाखाली आणील असा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे.

लिहिण्याची जागा आमच्या रुग्णवाहिका संघाची कचेरी, टेलिफोनशेजारचे टेबल. आज गुरुवार, आणि गुरुवारी टेलिफोन माझा असतो. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत, असे वकील म्हणाले. मला लागतात. म्हणून पाद्री सिरिओ आणि न्हावी ओरेस्ते यांना बसवून घेतले आहे. पाद्र्याने ओरेस्तेला चर्चमध्ये आणि ओरेस्तेने पाद्र्याला लाल झेंड्याच्या सभेत कधी पाहिलेले नाही. पण स्ट्रेचरची दोन टोके हे दोघे इतकी वर्षे धरत आले आहेत की जिन्यावर एकमेकांना वळायलासुद्धा सांगावे लागत नाही. माझ्या मागे गावाने असेच राहावे, एवढ्यासाठीच हा सगळा लेखनप्रपंच.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घर आणि सगळी शिल्लक संघाला दिली होती. तेव्हा माझा उत्साह जास्त होता आणि मी वालबुयाचे काय झाले ते पाहिलेले नव्हते.

कलम पहिले, शिल्लक. बँकेतली माझी शिल्लक संघाला मिळणार नाही. हे वाचून संघातले काही लोक खुर्चीत सावरून बसतील, म्हणून कारण लिहिते. शेजारच्या वालबुया गावच्या रुग्णवाहिका संघाला एका संगमरवराच्या व्यापाऱ्याने मरताना भरघोस पैसा ठेवला. कौतुकाची गोष्ट झाली. नवी गाडी आली, पगारी चालक आले. मग लोक म्हणाले, आता गाडीच्या खर्चासाठी जत्रेत मक्याचा घाटा कशाला ढवळायचा? नाताळात दारोदार कॅलेंडरे विकत कशाला फिरायचे? जत्रा बंद झाली. गाडी कोण चालवतो हे गावाला माहीत नाही, आणि आपण कोणाला नेतो आहोत हे चालकाला. पैसा आटला तेव्हा वालबुयाने मागे वळून पाहिले, तर मागे कोणीच नव्हते. त्यांची गाडी विकली गेली. आता त्यांच्याकडे खालच्या शहरातून गाडी येते, म्हणजे घाटात ट्रॅक्टर नसेल तेव्हा लवकर येते.

माझा भाचा लोरियानो चांगला मुलगा आहे. गेल्या रविवारी तो फ्लॉरेन्सहून आला आणि मला म्हणाला, "आत्या, तुझ्यानंतर गुरुवारी पगारी माणूस ठेवा ना. पैशाचं मी बघतो."

मी म्हटले, "आणि बुधवारचा माणूस फुकट का बसेल रे?"

"अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे!"

"एका टाक्याचाच असतो प्रश्न. मग सगळा सदरा उसवतो."

प्रश्न खराच एका दिवसाचा आहे. जिल्ह्याच्या कार्यालयाने कळवले आहे की आठवड्याच्या सातही दिवसांपुढे माणसांची नावे असतील तरच गाडी मोंतेरोवोत राहील, नाहीतर ती खाली शहरात उभी राहील. गाडीवर बसणारी माणसे आहेत. टेलिफोनला सहा दिवस माणूस आहे. सातवा दिवस माझा, आणि माझे हृदय काय म्हणते ते डॉक्टरांनी मला सांगितले आहे. मी घाबरलेली नाही. पण मी गेले की गुरुवार रिकामा पडेल आणि त्या एका भोकातून आमची गाडी निघून जाईल, हे मला मंजूर नाही.

तेव्हा शिल्लक अशी: गावातल्या ज्या कोणाला गाडी चालवण्याचा परवाना काढायचा असेल, त्याचा खर्च यातून व्हावा, मग त्याचे केस कितीही लांब किंवा रंगवलेले असोत. उरेल ते लोरियानोचे. त्याने छप्पर नीट करून घ्यावे, कारण

कलम दुसरे, घर, त्यालाच जात आहे. अट एकच. तळघर आणि खालचे स्वयंपाकघर दर ऑक्टोबरात जत्रेसाठी संघाला मोकळे मिळाले पाहिजे. तांब्याचा मोठा हंडा तिथून हलवू नये; चौकातल्या आगीवर चार माणसांनी उचलून न्यावा आणि घासून परत ठेवावा. लोरियानोच्या बायकोला घरात चुलीचा धूर आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. वर्षातून दोन दिवस तिने माहेरी जावे.

पहिल्या वर्षीचे मक्याचे पीठ माझ्याकडून. दुसऱ्या वर्षापासून ते घरोघरी जाऊन मागावे, आणि मागताना आधी माणसाचा एक दिवस मागावा, पीठ नंतर. पीठ देऊन दार लावून घेता येते. एक दिवस हंडा ढवळला की खांदे दुखतात, आणि खांदे दुखले की माणूस 'आमची गाडी' म्हणायला लागतो. मी गावाला हे असेच धरून ठेवले. लोकांना माझ्याकडे काही युक्ती आहे असे वाटत असेल, तर ती एवढीच.

कलम तिसरे, किरकोळ वस्तू. बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या, मोठा टॉर्च आणि माझे बूट ओरेस्तेला. बूट त्याला होणार नाहीत, पण त्याने ते दाराशी ठेवावेत. मला बरे वाटेल. माझी सायकल औषधवाले उगोलीनो यांना. इतकी वर्षे ते "दोन मिनिटांत काढतो" म्हणून आपली मोटार गाडीच्या फाटकासमोर लावत आले आहेत. सायकल फाटकासमोर लावली तर निदान ती उचलून फेकता तरी येईल. जपमाळ पाद्री सिरिओंना परत. मला ती त्यांनीच दिली होती आणि मी ती गाडीच्या आरशाला लावली, याबद्दल ते अजून कुरकुरतात.

(पाद्री सिरिओ खांद्यावरून वाचत आहेत. "कुरकुरत नाही, दुःख व्यक्त करतो," असे त्यांचे म्हणणे आहे. नोंद घेतली.)

कलम चौथे, पाण्याचा नियम. तो जसाच्या तसा राहावा. रुग्णाच्या घरी आपण पाण्याच्या पेल्याशिवाय काही घेत नाही. कॉफी नाही, वाइन नाही, केकचा तुकडाही नाही. घरात माणूस तळमळत असताना बाईने डब्यात साखर आहे की नाही हे बघत बसू नये, म्हणून आपल्या आधीच्या लोकांनी तो केला. श्रीमंताकडे घेतले तर गरिबाकडे नाही म्हणता येत नाही. या नियमापायी मी माझी भावजय गमावली, आणि तरीही सांगते, नियम राहावा.

कलम पाचवे, हे लिहायला मी सकाळपासून टाळाटाळ करते आहे.

फोस्का माझ्या भावाची, नेल्लोची बायको, लोरियानोची आई. कचेरीच्या समोरच राहते. नेल्लो गेला त्या सकाळी गाडीवर मीच होते. आम्ही पोचलो तोवर तो अंथरुणातच गेलेला होता. करण्यासारखे काही उरले नव्हते. फोस्काने चूल पेटवली, कॉफी केली आणि माझ्यापुढे पेला ठेवला. माझ्या मागे दोन नवे स्वयंसेवक उभे होते, त्यांचा तो पहिलाच आठवडा.

मी म्हटले, "पाणी चालेल, फोस्का."

"पाणी? अगं, भाऊ गेलाय तुझा!"

"गणवेशात आहे मी."

"म्हणजे तू इथं बहीण म्हणून आलीच नाहीस. गाडीवाली म्हणून आलीस!" ती म्हणाली. पाणी मात्र तिने दिले. मी ते उभ्याने प्यायले आणि गाडी परत न्यायला निघाले. संध्याकाळी काळे कपडे घालून गेले तर दार उघडले नाही. ते आजवर उघडलेले नाही. त्या वर्षी जत्रेत तिचा रानडुकराचा रस्सा आला नाही, आणि नुसता मक्याचा घाटा गिळताना अख्ख्या गावाला कळले की बेनूचींच्या घरात काय झाले आहे.

मी नियम पाळला याचा मला पश्चात्ताप नाही. पण नेल्लोची आठवण येते. तो झोपेत शिटी वाजवायचा, हे तिच्याखेरीज कोणाशी बोलणार? मला फोस्काची फार उणीव भासते. हे जिवंतपणी तोंडाने सांगायला जमले नाही, म्हणून इथे लिहिते.

माझा गुरुवार मी फोस्का बेनूचीच्या नावे ठेवते.

वकील म्हणतील, ड्यूटी ही मालमत्ता नाही. त्यांनी गप्प बसावे. फोस्काने निवृत्त होईपर्यंत या डोंगरात टपाल वाटले आहे. कुठल्या घराचा रस्ता कुठून फुटतो, कुठला कुत्रा चावतो आणि कुठल्या म्हातारीला ऐकू येत नाही, हे तिला ठाऊक आहे. तिचा आवाज दरीपलीकडे जातो. मी तो रोज ऐकते. सायरन वाजला की ती खिडकीतून आम्हाला शिव्या घालते, म्हणजे टेलिफोनपाशी बसायला तिला वेळही आहे. तिने नाही म्हटले तर मी तिला दोष देणार नाही. जत्रेत घाटा ढवळायचे माझ्याकडचे लाकडी उलथणे मात्र तिलाच द्यावे, ती हो म्हणो वा नाही. ते मुळात तिचेच आहे.

कलम सहावे, माझी अंत्ययात्रा. गाडी तिच्यात नसावी. गाडी जिवंतांसाठी आहे. मला खांद्यावर न्यावे. चढ आहे, पण मी वाळलेली आहे. वाटेत बोलावणे आले तर ज्यांची ड्यूटी असेल त्यांनी मला आहे तिथे खाली ठेवावे आणि पळावे. मला घाई नसेल. पाद्री सिरिओंनीही पळावे, प्रार्थना अर्धी राहिली तरी.

येथे पाद्री सिरिओ यांनी सही केली. ओरेस्तेने लेखणी हातात घेऊन 'ओरे' एवढे लिहिले आणि टेलिफोन वाजला. लेच्चेतोच्या बाजूला एकजण चेस्टनटच्या झाडावरून पडला आहे. दोघेही गेले. पुढचे मी एकटी लिहिते आहे, आणि हेही मृत्युपत्राचा भाग समजावे.

सायरन चौकातून वळला तशी समोरची खिडकी उघडली नाही, दार उघडले. फोस्का रस्ता ओलांडून थेट कचेरीत आली.

"तुझी ती बोंबलणारी गाडी एक दिवस माझ्या काचा फोडणार आहे!" इतक्या वर्षांनंतर ती माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य. मग तिने टेबलाकडे पाहिले. "काय लिहितेस?"

"मृत्युपत्र."

"मरतेस की काय?"

"आज नाही. बस."

ती बसली नाही. उभ्याने, चष्मा न लावता, कागद हातभर लांब धरून तिने पाचवे कलम वाचले. मी तिच्या तोंडाकडे बघायचे टाळले. तेवढ्यात पुन्हा टेलिफोन. ओरेस्ते होता. रस्ता फुटतो तिथे ते उभे होते, यंत्रातला नकाशा जळक्या गिरणीकडे जा म्हणत होता, आणि ज्या घरी जायचे ते नवे झालेले, मला माहीत नव्हते. मी बोलायला तोंड उघडले, तोच फोस्काने माझ्या हातून टेलिफोन घेतला.

"ए न्हाव्या, गिरणीकडं नको जाऊस, पूल पडलाय तिथं! उजवीकडं घे, मधमाश्यांच्या पेट्या दिसतील. तिथून वर. कुत्रा बांधलेला नसेल, पण तो नुसता भुंकतो. पाद्र्याला सांग, घाबरू नको म्हणावं! मी इथंच आहे, पोचलात की सांग."

तिने टेलिफोन ठेवला आणि माझ्या खुर्चीत बसली. माझ्याच खुर्चीत. थोड्या वेळाने ओरेस्तेने कळवले की माणूस बोलतो आहे, पाय मोडला आहे, निघतो आहोत. फोस्काने ते नीट ऐकून घेतले, मला सांगितले आणि उठली नाही.

मी विचारले, "कॉफी करू?"

"नको," ती म्हणाली. "ड्यूटीवर आहे मी. पाणी दे."

कचेरीत कॉफी चालते, नियम फक्त रुग्णाच्या घरचा आहे, हे मी तिला सांगितले नाही. पेला धुतला, पाणी भरले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने ते सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि ते मला मान्य आहे.

मोंतेरोवो, गुरुवार, १० ऑक्टोबर २०१९

सही : आर्जिया बेनूची

साक्षीदार पहिला : सिरिओ मान्नेल्ली, पाद्री

साक्षीदार दुसरा : ओरे (गाडीवर गेला)

त्याच्या जागी : फोस्का बेनूची. टेलिफोनवर आहे. मोकळी झाली की सही करेल.