अंगठ्याचं वाक्य

मंगळवार, फुलचूर

आज पुन्हा तोच झुळझुळ वाहणारा झरा! शेजारची प्रणाली, सहावीतली, माझ्याकडे गोष्ट लिहायला शिकते. गोष्ट आईची, धानाच्या रोवणीची. मग बांधीत, धानाच्या खाचरात, झरा आला कुठून? "गाइडमध्ये आहे, मॅडम," म्हणे. गाइड लिहिणाऱ्याला एकदा गुडघाभर चिखलात उभं केलं पाहिजे. पण मी तरी काय? कॉन्व्हेंटात असताना, कधी न पाहिलेल्या बर्फावर निबंध लिहून सिस्टरची शाबासकी घेतलीच ना.

"स्वतः पाहिलेलं एक तरी लिही," मी खेकसले. तिनं बराच वेळ पेन चावलं. मग लिहिलं : 'रोवणी करून आईचा अंगठा इतका झिजला की रेशनच्या दुकानातल्या मशीननं तिला ओळखलंच नाही.'

अंगठा! आणि मी हिला झऱ्यावरून रागावत होते.

तेवढ्यात प्रणालीची आई तिला न्यायला आली. वही वाचून तिचा चेहरा उतरला. "मॅडम, हे खोडा ना. शनिवारी शाळेत वाचलं तं पोरं हासतीन."

खोडू? लाल पेन माझ्याच हातात होतं. "गोष्ट तुझी आहे," मी प्रणालीला म्हटलं, "तू म्हणशील तसं." तिनं मान खाली घातली.

आईनं ते वाक्य पुन्हा वाचलं, हळूहळू. मग त्यावर तोच अंगठा टेकवून लेकीला म्हणाली, "अंगठाच काऊन? दाही बोटं लावून पाहिली होती मी. लिवतेस तं पुरं लिव!"