कोपऱ्यातलं पोतं

माय,

आज पुन्हा वीट तापवली. भाचीने आणलेली शेकायची रबराची पिशवी घरात आहे, पण तिने माझं भागत नाही. विटेचा तुकडा गॅसवर ठेवायचा, जुन्या लुगड्यात गुंडाळायचा आणि ओटीपोटाशी धरायचा, हे तुझंच शिकवलेलं. पाळी जाऊन किती वर्षं झाली, दुखणं काही गेलं नाही. कंटाळा आला गं आता.

पांढरकवड्याचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू आणि बाबा नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलात त्याच आठवड्यातली सकाळ. पाळीच्या दिवसांत बाजूला बसायचं ते पोतं तू कोपऱ्यातून ओढून काढतेस, चुलीत घालतेस आणि म्हणतेस, "आता आपल्या घरात इटाळ नाही. माही पोरगी बाजूले बसनार नाही." काय उजळला होता तुझा चेहरा! मी तेरा वर्षांची. सगळ्यांसोबत मीही हसले, पण काळजात धस्स झालं. महिन्यातले ते चार दिवस त्या पोत्यावरून मला कोणी उठवत नव्हतं. आता पाळी आली तरी पाणी भरायचं, कापूस वेचायला जायचं. भांडी घासता घासता मी पोट धरून वाकले की तू ओरडायचीस, "साऱ्या बायाइचं दुखते. तुलेच काहून येवढं? सोंग करून राह्यली का?" मार परवडला असता, तो शब्द नाही.

मग मी मुकुटबनला मावशीकडे जायला लागले, जवळजवळ दर महिन्याला. "मावशी लय गोड हाये तुले, माय कडू," तू थट्टेनं म्हणायचीस, पण तोंड उतरलेलं असायचं.

लग्न झालं, लेकरू होईना, दुखणं वाढलं. नागपूरला पोट उघडून गाठी काढल्या. वर्षभर बरं गेलं, मग आधीपेक्षा जास्त दुखू लागलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टर तुला म्हणाले, "बाई, आत सगळं एकमेकाला चिकटलंय, आतडी, गर्भपिशवी, सगळं. पुन्हा कापलं तर पुन्हा चिकटेल. आमच्याकडे आता दुसरा उपाय नाही." तू विचारलंस, "म्हंजे पहिल्यापासून खरंच दुखत होतं का हिले?" ते हो म्हणाले.

पांढरकवड्याला आल्यावर तू घराच्या मधोमध गोधडी अंथरलीस. "पड इथं. बाजूले बसाची म्हनून नाही, दुखते म्हनून. कोनी उठवनार नाही तुले." आणि वीट तापवायला गेलीस. मी भिंतीकडे तोंड करून खूप रडले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. आता तूच राहिली नाहीस, हा कागद कुठं पाठवणार, ठेवते उशीखाली. मावशीकडे जुनं सगळं तसंच होतं. पाळी आली की तिच्या घरी बाजूला बसवत. माय, मी मावशीसाठी जात नव्हते गं, तिच्याकडच्या पोत्यासाठी जात होते. तू उगाच कडू ठरलीस.