तुझ्या वाट्याचे वाक्य

शिरूर, जानेवारी १९६२

प्रिय दयाबाई प्रभुदास आढाव,

तुझ्या दफनविधीनंतर एक पावसाळा उलटला. प्रकृती उत्तम असल्याचे मी सर्वांस सांगत आलो. पत्नीस खोटे लिहिणे जमत नाही. मी भ्यालो आहे.

नाताळानंतर चर्चमध्ये मंडळीचे प्रीतिभोजन झाले. पाळकांनी जेवणाआधीची उपकारप्रार्थना मला करावयास सांगितली. घरी आपण ती आळीपाळीने म्हणत असू. पहिले वाक्य माझे, दुसरे तुझे. मी पहिले म्हटले आणि सवयीने तुझ्यासाठी थांबलो. सारी पंगत माना खाली घालून बसलेली. भानावर आलो, तर तुझे वाक्य आठवेचना. अखेर शेजारच्या सारजाबाई म्हणाल्या, "मास्तर, आमेन म्हना की आता! रस्सा गार झाला, देवालाबी भूक लागली आसंल." लोक हसले. मीही हसलो आणि आमेन म्हणालो.

तेव्हापासून साधे भांडे वाजले तरी छाती धडधडते. झोप तुटक, अन्न अंगी लागत नाही, वर्गात मुलांची नावे निसटतात. बन्यामीन डॉक्टरांनी रक्तदाब तपासला. "मास्तर, घरात दुसरं माणूस असलं की शरीर निम्मा पहारा त्याच्यावर टाकतं. तुमचं शरीर एकटंच जागतंय. भीतीच्या वेळी सुटणारा रस असाच रक्तात वाहत राहिला, तर काळीज थकतं, स्मरणही झिजतं. यावर माझ्याकडे औषध नाही. माणसांत राहा."

काळीज थकण्याचे मला भय नाही. परंतु आज वाक्य गेले. उद्या तुझा आवाज जाईल, मग चेहरा. माझी बहीण कृपाबाई मला दौंडला, तिच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, कधीची बोलावते आहे. "दादा, इथं पोरं तुला घटकाभर गप बसू द्यायची न्हाईत," असा तिचा निरोप. या खोल्यांत तू आहेस, म्हणून मी टाळत आलो. आता कळते की इथेच राहिलो तर मी तुला विसरेन. तिथे गेल्याने झीज थांबेलच, असे डॉक्टरही म्हणाले नाहीत. तुला एकटी टाकून जातो आहे असे वाटू नये, म्हणून, तुझा आवाज नि चेहरा आठवतो तोवरच, हे लिहिले. तुला सोबत नेता यावे, याचसाठी निघतो आहे.

तुझाच,
प्रभुदास

ता. क. दाराला कुलूप लावले. घर मिशनचे, म्हणून किल्ल्या त्यांच्या कचेरीत परत केल्या.