देव यंदा कुठे बसणार

भाद्रपद वद्य ११, बुधवार
गुडघा कालच्यासारखाच. सकाळी चौकात बसून भगर निवडली, त्यातच अर्धा दिवस गेला. ऊन आधी तुळशीवर येतं, मग खांबावर, मग माझ्या पायांवर. पायांवर आलं की उठायचं, पोळी टाकायची. दोन वर्षं असंच चाललंय, बाळूनं घर नीट केल्यापासून. ह्यांच्या वेळी जिथे तिथे सिमिट थापलेलं, भिंतींना ओल, पापुद्रे अंगावर पडायचे. बाळूनं ते खरवडून चुना करवला, छताच्या फुटक्या दगडी पटिया बदलल्या. आता जेठात बाहेर उन्हाची लू चालते नि आत लादीवर पाय ठेवला की गार. एक खाट, एक शेगडी, वळणीवर दोन लुगडी. काय लागतं माणसाला.
लिहायचं होतं ते राहिलंच. बाळूचा फोन. म्हणाला, आई, रविवारी गाडी आणतो, तू नि देव दोघं थाटीपूरला. तिथे त्याचं सरकारी क्वार्टर. श्रावणात मी मोरीत पडले ना, तेव्हापासून हेच. एकटी राहायचं नाही.
बरं म्हटलं. नाही म्हणायला पण ताकद लागते.

वद्य १३, शुक्रवार
बांधाबांध. म्हणजे दोन पिशव्या. थकले तेवढ्यानंच.
देवांचे टाक मऊ फडक्यात गुंडाळायला काढले, परत ठेवले. सूनबाईनं, वैशालीनं, फ्रिजच्या बाजूला त्यांच्यासाठी फळी ठोकून घेतलीय म्हणे. ठोकली असेल चांगलीच, तिचं काम नीट असतं. पण बाळू फाल्गुनात रिटायर. क्वार्टर सोडावं लागणार. लिफ्टवाला फ्लॅट पाहून राहिलेत दोघं. देव एकदा थाटीपूरला गेले की तिथून फ्लॅटमध्ये जातील, परत इथे छावणीत कशाला येतील. मग हे घर म्हणजे कुलूप लावायची जागा. दिवाळीला झाडायचं नि निघायचं.
एवढा चुना कुणासाठी लावला मग? विचारावंसं वाटतं. विचारणार नाही. त्याचा जीव पण इथे अडकलाय.
दुपारी झोप लागली नाही.

अमावस्या, रविवार
बाळू आला. पिशव्या दारात पाहून खूष. मी म्हटलं, मला ने, देव नाही नेता येणार. पितृपंधरवडा आहे, त्यात अमावस्या. आज देव जागचे हलवतात का कुणी?
"आधी सांगायचं ना, आई."
"तू मला कुठे विचारलंस, तू फक्त छुट्टी पाहिलीस."
डोकं खाजवलं त्यानं. म्हणाला, ठीक, उद्या सकाळी दफ्तरच्या आधी येतो, दोघांना नेतो. नाश्त्याला गरम बेडई-कचोरी आणली होती, एकट्यानं उभ्या उभ्या खाल्ली नि गेला.
संध्याकाळी शेजारची शुक्लाइन माती मागायला आली, तुळशीजवळची. "अम्माजी, कल जौ बो रही हो कि नहीं?" तेव्हा लक्षात आलं. उद्या घटस्थापना. पंधरवडा आज संपतो नि उद्या उजाडता घट. देव न्यायला मधे जागाच नाही. मी एवढी म्हातारी झाले नि कॅलेंडर बघितलं नाही, बाळू तर बघतच नाही. हसू आलं.

आश्विन शुद्ध १, सोमवार
वाट पाहिली. फोन लावला, लागला नाही. घट बसवायची वेळ टळत चालली. शुक्लाइनला हाक मारली, तिनं धरून खाली बसवलं. पत्रावळीवर माती, सात धान्यं, वर पाण्याचा घट, विड्याच्या पानांवर टाक, शेजारी दिवा. बसवले देव.
नंतर उठताच येईना. तशीच बसून राहिले भिंतीला टेकून.
बाळू आला तो बुटांसकट दारात उभा.
"आई, हे काय?"
"देव बसले."
"मग उठव."
"आता दसऱ्याला उठतील. तुझ्या आजीनं, पणजीनं कधी मधेच उठवले?"
खरं म्हणजे त्यालाही माहीत. बसलेला घट आपल्यात कुणी हलवत नाही, दिवा पण विझू द्यायचा नाही. "जानबूझकर केलंस," म्हणाला. मी म्हटलं नाही रे. नव्हतंच. पण वाईट वाटलं असंही नाही.
वैशालीशी फोनवर बराच वेळ बोलला चौकात. मग आत आला, बूट काढले. खाली वाकून दिव्यात तेल मला घालता येत नाही, मग कोण घालणार. राहतो म्हणाला दसऱ्यापर्यंत.

शुद्ध ३
माजघराच्या चौकटीला बाळूचं डोकं आपटलं. आज दुसऱ्यांदा. मी म्हटलं, तुझ्या वडिलांना चाळीस वर्षांत वाकायची सवय झाली नाही, तुला काय होणार.
सकाळी माळ तोच करतो. झेंडू ओवताना बोटाला सुई टोचते, बोलत नाही. मग स्कूटरवर दफ्तर. संध्याकाळी ओसरीवर आडवा पडतो, पोट वर करून, लहान होता तसा. "आई, इथे आवाज नाही गं काही." मी म्हटलं भिंती दोन हात जाड आहेत, तूच नीट केल्यास.
माझा उपास, त्याच्यासाठी स्वयंपाक वेगळा. कंबर मोडली. तरी दोन वेळा विचारलं अजून घेतोस का.

शुद्ध ५
नात आली, मिठू. कॉलेजात आहे. आल्या आल्या, "आजी, यहाँ नेटवर्क ही नहीं आता." मग छतावर गेली, तिथे येतं म्हणे. खाली आली ती तिथून दिसणाऱ्या किल्ल्याचे फोटो काढून. "पापा, हे किती भारी आहे, आपण इथे का नहीं रहते?"
बाळू म्हणाला, तुझ्या मम्मीला विचार.
असं नसतं म्हणायचं. पण थकले आहे मी मधे बोलून.

शुद्ध ८
वैशाली आली, छुट्टी काढून. देवीला कडाकण्या तिनंच तळल्या, घटावर टांगल्या. हात भरभर चालतो तिचा. मग माझ्या गुडघ्याला तेल लावायला बसली नि स्वतःच बोलली.
"आई, खरं सांगू? मला नाही जमणार इथे. गल्लीत गाडी येत नाही, माझी शाळेतली नोकरी मुरारला, स्वयंपाकघर खाली, मोरी त्या टोकाला. तुम्हाला आवडतं ते दिसतं मला. पण पडाल तेव्हा उचलायचं मलाच आहे."
मी म्हटलं, हो, तुलाच आहे.
तेल लावायचं थांबवलं नाही तिनं. राग नाही आला मला. खरं बोलली. बाळू असं बोलत नाही, तो भिंतीवर हात फिरवतो नुसता.
झोपताना वाटलं, मला आता कुणी काही विचारू नये. आणि विचारलं की बरं वाटतं.

दसरा
घट उठवले. रोप टीचभर आलंय, हिरवं-पिवळं. बाळूच्या टोपीत खोवलं, वैशालीच्या नि मिठूच्या केसात. सोनं दिलं-घेतलं. बाळूनं गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली आहे.
मग तो देवघरापुढे उभा. "आई, आता नेऊ ना?"
मी काय सांगू. म्हटलं, मला नको विचारूस. मी दोन-चार वर्षांची. पुढे नवरात्र हिच्या हातचं. माती हिनं कालवायची, तेल हिनं घालायचं. ही सांगेल तिथे देव राहतील, नि देव तिथे मी. वैशाली, तू सांग.
बाळू म्हणाला, आई, तिला कशाला अडचणीत.
"अडचणीत नाही. हक्क आहे तिचा."
वैशाली पदर खोचून देवांपुढे बसली, टाक एकेक पुसायला लागली. फडकं माझंच, मऊ, न्यायला काढलेलं. पुसून गुंडाळते की परत मांडते, मला तिथून दिसत नव्हतं. बाळूनं दोनदा किल्ली खिशातून काढली, परत ठेवली.
मी स्वयंपाकघरात आले. संध्याकाळ झाली होती. किती जणांचा भात टाकू ते विचारायचं होतं. नाही विचारलं.
चौघांचा टाकला.